मेस्त्रीकाका, रनिंग-इन शिकवलंत त्याबद्दल आभार

मुंबई

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही इंजिनाचे सिलिंडर आतून कातायचं, म्हणजे बोरिंगचं मशीन बंद करून गावी राहायला जाणार असं कळलं, म्हणून हे पत्र. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा सांगून विषय बदलला असतात. म्हणून लिहून मानतो, आणि सगळ्यांदेखत मानतो. आमच्या गॅरेजांतून तुमच्याकडे इंजिनांचे ब्लॉक आले, चोख होऊन परत गेले, त्याची मजुरी आम्ही दिली. पण रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन पहिल्या हजार किलोमीटरमध्ये आतून कसं बसतं, हे मशीनपाशी उभं करून समजावलंत त्याचं बिल तुम्ही कधी लावलं नाहीत. आज शोरूममधून गाडी काढून थेट आमच्याकडे विचारायला येणाऱ्या माणसाला आम्ही जे सांगतो, ते सगळं तुमचं आहे.

पहिलं ऋण होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासून काढलेल्या रेघांचं. सिलिंडर आतून काचेसारखा गुळगुळीत हवा, असंच कुणालाही वाटेल. तुम्ही टॉर्च मारून भिंतीवरच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दाखवल्यात. त्यांच्या खोबणीत तेल टिकतं, आणि त्यांचे बारीक उंचवटे रिंगशी, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्याशी, घासून बसले की दोघांचा मेळ जमतो. मग विचारलंत, रिंगला भिंतीवर दाबतं कोण? सगळ्यांनी रिंगचा ताण म्हटलं. तो थोडाच असतो. खरा जोर जळत्या गॅसचा. गॅस वरच्या रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून दिवसेंदिवस गाडी चालवली, तर हा दाबच तयार होत नाही. रिंग अर्धवट टेकते, उंचवटे तसेच राहतात, भिंतीवर मागे राहिलेलं तेल भाजून त्याचा कडक थर चढतो आणि रेघा बुजतात. अशी चकाकी एकदा चढली की गाडी ऑइल खातच राहते. वरून ओतायची कुठलीही बाटली तिथे चालत नाही. इंजिन उघडून पुन्हा होनिंग करणं हाच उपाय. नवी गाडी ‘जपून’ चालवणारे नेमके इथे फसतात, आणि त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नसतं, कारण त्यांनी मनापासून काळजीच घेतलेली असते.

मग पहिल्याच दिवशी पेडल जमिनीला टेकवायचं का, याचं उत्तर तुम्ही फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, दिलंत. ७५ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) साध्या पेट्रोल इंजिनात रिंगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.३० मिलिमीटर. पिस्टन आणि भिंत यांच्यातली जागा तर केसाच्या जाडीहूनही कमी. नव्या इंजिनात घर्षण जास्त, त्यामुळे उष्णता जास्त. सलग फुल थ्रॉटल दिला की पिस्टन फुगतो, रिंगची टोकं एकमेकांना भिडू लागतात, आणि भिंतीवर उभे ओरखडे उठतात. म्हणून जोर द्यायचा तो थोडा वेळ, आणि लगेच सोडायचा. मधल्या वेळात उष्णता निघून जाते. शिवाय पाय काढल्यावर गिअरमध्ये चालत्या गाडीच्या सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, तो थोडं तेल वर ओढतो आणि घासून निघालेली बारीक धातूची पूड धुऊन खाली नेतो. इंजिन ब्रेकिंगचं हे काम आम्हाला तुमच्याआधी कुणीच इतकं नीट सांगितलं नव्हतं.

पद्मिनी गाड्यांच्या काळातला ‘नवी गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही’ हा नियम आजही घरोघरी वडीलधारी माणसं सांगतात. तो खोटा नव्हता. तेव्हाची घडण, तेव्हाचं तेल, तेव्हाची सहनशक्ती वेगळी होती. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, पण तो नियम उतरला नाही. हल्ली कारखान्यातून सिलिंडर बरंच तयार होऊन येतं आणि रिंग बसायचं मुख्य काम पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच होतं. म्हणजे आता घाई नको, पण टाळाटाळ त्याहून नको.

तुम्ही घालून दिलेला क्रम आम्ही मुंबईच्या रस्त्यांवर बसवला आहे. रविवारी पहाटे चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेला लागायचं. सगळा फ्रीवे सुमारे १७ किलोमीटरचा, मध्ये सिग्नल नाही. तोवर काटा मधोमध आलेला असतो, पण तो कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा काटा. तेल गरम व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून पहिली १० ते १५ मिनिटं पेट्रोल गाडी २५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आत ठेवायची. मग तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ७० पर्यंत अर्धं ते पाऊण पेडल देऊन न्यायची, पाय पूर्ण काढायचा, गिअरमध्येच ४० वर येऊ द्यायची. आरपीएम २००० ते ३५०० मध्ये फिरतो. असं दहा-बारा वेळा, मागचा रस्ता मोकळा पाहून आणि वेगमर्यादा सांभाळून. परतताना हेच चौथ्या गिअरमध्ये. घरी आल्यावर गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. डिझेलला हाच खेळ १५०० ते २८००च्या आसपास. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड, नाहीतर गिअरबॉक्स ॲव्हरेज वाचवायला लगेच वरचा गिअर टाकतो आणि इंजिनवर लोडच येत नाही.

अटल सेतूवर लोक इथे चुकतात. २१.८ किलोमीटर सरळ रस्ता, क्रूझ कंट्रोल लावून एकाच वेगात गाडी सोडून देतात. १००० किलोमीटर होईपर्यंत क्रूझ बंदच बरा. वेग ७० ते ९५ मध्ये हलता ठेवायचा. पाचशे किलोमीटरनंतर कसारा घाट उत्तम, पण गाडीत दोनच माणसं आणि सामान नाही. चढावर पाचव्या गिअरमध्ये घरघर करत ओढणं हे जास्त आरपीएमपेक्षा वाईट, हे तुम्ही बेअरिंगची घासलेली शेल हातात देऊन पटवलंत. कमी फेऱ्यांत जोराचा धक्का बसतो आणि बेअरिंगमधला तेलाचा पडदा पातळ असतो. टर्बो पेट्रोलमध्ये तर तिथेच सिलिंडरमधलं इंधन अवेळी पेटण्याचा धोका. गिअर खाली टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. हजारनंतर पुढच्या पाचशे किलोमीटरमध्ये आरपीएमची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवायची.

शहरातली किलोमीटर धरायची कशी, हा तुमचा हिशेब आम्ही प्रत्येकाला कागदावर करून दाखवतो. एलबीएस मार्गावर सरासरी २० चा वेग धरला तर १००० किलोमीटर म्हणजे ५० तास, आणि त्यातला मोठा भाग सिग्नलला उभं राहण्यात. मीटर हजार दाखवतो, रिंगने मात्र खरा दाब फार थोडा वेळ पाहिलेला असतो. म्हणून हजारचा आकडा गाठण्यापेक्षा त्यातले तीनशे-चारशे तरी मोकळ्या रस्त्यावरचे असणं महत्त्वाचं.

त्याच कारणाने सोसायटीत गाडी धुऊन झाल्यावर दहा मिनिटं एसी लावून ‘गरम करत’ ठेवायची सवय मोडायला हवी. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, दाब नाही, तेलाचा प्रवाह कमी, आणि थंड भिंतीवरून पेट्रोल तेलात उतरतं. स्टार्ट केल्यावर २०-३० सेकंद पुरे. मुंबईच्या हवेत त्याहून जास्त लागत नाही. मुलांना शाळेत सोडायची दोन किलोमीटरची फेरी पहिल्या महिन्यात दुसऱ्या गाडीने झाली तर उत्तम.

तेल पाहण्याबाबत तुम्ही फार कडक होतात आणि ते योग्यच होतं. ३००, ६०० आणि १००० किलोमीटरला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, काढायचीच. बेसमेंटच्या उतारावर उभ्या गाडीचं रीडिंग खोटं येतं, म्हणून सपाट जागा हवी. इंजिन गरम करून बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवायची. थोडं तेल कमी होणं नव्या इंजिनात चालतं. पातळी खालच्या खुणेकडे झुकली तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल १००-२०० मिलिलिटर करत घालायचं, वरच्या खुणेच्या पुढे कधीच नाही, कारण खाली फिरणारा क्रँक तेलात आपटून फेस करतो. आणि पातळी वाढली तर आनंद मानायचा नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर छोट्या फेऱ्यांमुळे इंधन तेलात मिसळतंय. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, आपोआप होणारी सफाई वारंवार अर्धवट राहिली तरी असंच होतं. सफाई सुरू असताना गाडी बंद न करता २००० च्या आसपास आरपीएम ठेवून १५-२० मिनिटं हायवेला चालवावी. लोड देताना सतत निळा धूर दिसला तर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवून वॉरंटीत लगेच दाखवायचं. हजारच्या सर्व्हिसला बऱ्याच कंपन्या फक्त तपासणी करतात, तेल बदलत नाहीत. काही कंपन्या पहिलं तेल लवकर काढूच नका म्हणतात, तिथे मॅन्युअलच ऐकावं. कोटिंगची नि ॲडिटिव्हची बाटली मात्र गळ्यात मारली तर घेऊ नये. रिंग बसायला जे घर्षण लागतं तेच ती कमी करू पाहते.

बोरिंग करून बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे साधं मिनरल तेल भरायचं, पहिल्या १०० किलोमीटरला फिल्टरसह काढायचं, पुन्हा ५०० ला. फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावून, टेकल्यावर हातानेच पाऊण आटा. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. यावर तुम्ही आम्हाला कधी सवलत दिली नाहीत.

ब्रेक, क्लच, टायर यांनाही बसायला वेळ लागतो हे तुम्ही जाता जाता सांगायचात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळायचे, फ्लायओव्हरच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. टायरची हवा थंड असताना दारापाशी चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे करायची, कारण नवी गाडी कारखान्यातून वाहून आणताना ती कधी कधी जास्त भरलेली असते.

तुम्ही दिलेल्या दोन रिंगा गॅरेजच्या काउंटरवर आहेत. नीट बसलेल्या एकीच्या कडेला सगळीकडून सारखी चमक, अर्धवट बसलेल्या दुसरीला अर्ध्याच घेरावर. नव्या गाडीच्या मालकाला आधी त्या हातात देतो, मग बोलायला सुरुवात करतो. गावचा पत्ता तेवढा कळवा. गणपतीत तिकडे येणाऱ्यांच्या नव्या गाड्यांचे डिपस्टिक तुम्हीच पाहून द्यायचे आहेत.

आपले,
परळ-दादरकडचे गॅरेजवाले