परिसंस्था थर्माकोलवर नको, बरणीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांत प्रकल्पांचे दिवस आले की स्टेशनरीच्या दुकानात ‘परिसंस्था’ तयार मिळते: हिरवा रंग फासलेला थर्माकोल, त्यावर प्लास्टिकचा वाघ, हरिण आणि निळ्या कागदाचे तळे. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे जाता जाता.) पालक ती विकत आणतात, शिक्षक गुण देतात. मुलांची घटकांची नावे पाठ होतात, पण त्यातला एक बिघडला की बाकीच्यांचे काय होते, हे मात्र कळत नाही. त्याऐवजी पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाने पाण्याच्या तीन बरण्या सहा आठवडे सांभाळाव्यात, अशी सूचना आहे.

गोळ्या-बिस्किटांच्या रुंद तोंडाच्या, पाच लिटरच्या पारदर्शक बरण्या किराणा दुकानात मिळतात. त्या नुसत्या पाण्याने धुवाव्यात, कारण साबणाचा अंश राहिला तर बारीक जीव तगत नाहीत. तळाला तीन सेंमी धुतलेली वाळू घालावी. नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग भरावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. वर चार बोटे जागा मोकळी ठेवावी. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या वीतभर लांबीच्या पाच-सहा काड्या वाळूत खोचाव्यात. जलपर्णी मात्र नको. जवळच्या तळ्यातले कपभर पाणी ओतले की जिवाणू, शैवाल आणि पाण्यातल्या पिसवा (डॅफ्नियासारखे बारीक जीव) त्यासोबत येतात. मासा अजिबात सोडू नये. एवढ्याशा पाण्यात त्याच्या विष्ठेतला अमोनिया साठतो आणि तो त्यानेच मरतो. तोंडाला मलमलीचा दुहेरी तुकडा रबराने घट्ट बांधावा. उघड्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत शाळेला ते परवडणारे नाही. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून झाकण हवाबंद करू नये.

पहिली बरणी उजेड येईल पण कडक ऊन लागणार नाही अशा खिडकीत ठेवावी आणि आठवड्याने तिच्यात तळ्यातल्या दोन गोगलगायी सोडाव्यात. दुसरीला काळा कागद गुंडाळावा. तिसऱ्या बरणीत डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खताचे फक्त दोन दाणे टाकून ती पहिलीच्या शेजारी ठेवावी. पोत्यावर १८:४६ लिहिलेले असते, त्यातले ४६ म्हणजे शैवाल वाढवणाऱ्या स्फुरदाचे (फॉस्फरसचे) टक्के प्रमाण. पाच लिटरला दोन दाणे भरपूर होतात. चिमूटभर टाकले तर प्रयोग नासतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीत गोगलगायी नकोत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते आणि इथेच बहुतेक वर्ग चुकतात. ‘घाण झालं’ म्हणून पाणी बदलले जाते. ते जिवाणू वाढल्याचे लक्षण असते. हात न लावता आठवडाभर थांबले की पाणी निवळते. बदलले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

त्यानंतर पहिल्या बरणीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. उजेड चांगला असताना हायड्रिलाच्या पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे धरतात. आतल्या बाजूला साचलेले हिरवे शैवाल गोगलगाय खरवडते आणि तिच्या वाटेचे नागमोडी स्वच्छ पट्टे दिसतात. तिची विष्ठा जिवाणू कुजवतात, त्यातून सुटलेले क्षार हायड्रिला शोषते. असे कुजवणारे जीव, म्हणजे विघटक, वर्गातल्या तक्त्यावर एका कोपऱ्यात काढलेले असतात. इथे सगळे त्यांच्यावाचून अडते. अन्नसाखळी काढताना मुले बाण हमखास उलटा काढतात, ‘गोगलगाय → शैवाल’ असा. बाण अन्न जिकडे जाते तिकडे, म्हणजे शैवालाकडून गोगलगायीकडे, हे बरणीसमोर उभे करून सांगितले तर पटते.

काळ्या कागदातली पाने दोन-तीन आठवड्यांत पिवळी पडून गळू लागतात. पुढे वाळू काडीने ढवळली की सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो. ऑक्सिजन संपला की त्याच्याविना जगणारे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात.

तिसरी बरणी आठ-दहा दिवसांत हिरवीगार होते. शैवालाने उजेड अडवल्यामुळे खालची हायड्रिला मरू लागते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात किंवा उजनी धरणाच्या फुगवट्यात हेच घडते, फक्त तिथे डीएपीचे काम सांडपाणी करते. असे हिरवे पाणी दिवसा ऑक्सिजन सोडते, पण रात्री सगळेच जीव तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे: पाणी फार हिरवे झाले की मासे पहाटेच वर येऊन तोंडे उघडतात, दुपारी नाही. ढगाळ दिवसांनंतर धोका आणखी वाढतो.

प्रयोग पावसाळ्यात करू नये. उजेड कमी असतो, तळ्याचे पाणीही गढूळ असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केला तर नाताळापर्यंत आटोपतो आणि मध्येच मोठी सुट्टी येऊन बरण्या बेवारस राहत नाहीत. गोगलगायींतून परजीवी येऊ शकतात, तेव्हा दरवेळी हात साबणाने धुवावेत. शेवटी गोगलगायी ज्या तळ्यातून आणल्या तिथेच सोडाव्यात. बरण्यांतले पाणी आणि हायड्रिला गटारात किंवा नदीत न टाकता शाळेतल्या झाडांच्या बुंध्याशी ओतावे. डीएपीचे पाणीही तिथेच.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक, सातारा