चर्चचा निधी भागाकाराने जमत नाही

महोदय,

मुंबईतल्या अनेक चर्चच्या इमारती दुरुस्तीला आल्या आहेत. निधीचा प्रश्न निघाला की भागाकार होतो: दोन कोटी खर्च, ६०० कुटुंबे, म्हणजे घरटी ३३ हजार. हा हिशेब इथेच फसतो. ज्याला ५ लाख झेपतात तोही ३३ हजारच देतो आणि चाळीतल्या आजीबाई मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) मागच्या दाराने निघून जातात.

त्यापेक्षा एक देणगी २५ लाखांची, चार १०-१० लाखांच्या, आठ ५-५ लाखांच्या अशी उतरंड मांडावी. तेरा घरांतून १ कोटी ५ लाख होतात. पुढे २५० कुटुंबांनी दरमहा हजार रुपये तीन वर्षे दिले, की ९० लाख. उरलेल्या पाच लाखांपुरतीच फनफेअर आणि लकी ड्रॉ; त्यावर सगळी भिस्त ठेवून स्वयंसेवक दमवू नयेत.

मोठ्या देणग्या घरी जाऊन, आकडा उच्चारून मागाव्या लागतात. फादर आणि स्वतः आधी देणगी दिलेला एक सभासद, दोघेच पुरेत. निम्मी रक्कम कबूल झाल्याशिवाय वेदीवरून घोषणा नको. जूनमध्ये तर नकोच, तेव्हा शाळेच्या फिया असतात.

अंदाजपत्रकात जीएसटी, परांची (कामासाठी बांधायचे मचाण) आणि १० टक्के आकस्मिक खर्च धरावा. छताचा गिलावा काढला की गंजलेल्या सळ्या दिसतातच! परदेशातून रक्कम येणार असेल तर एफसीआरए नोंदणी (परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आधी तपासा.

– धर्मग्राम (पॅरिश) वित्त समितीचे काही सदस्य, मुंबई