रायफलवरच्या रिंग-बेसबद्दल पण लिहा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिकारीच्या रायफलसाठी दुर्बीण कशी निवडायची यावर तुम्ही पुरवणीत पानभर दिलंत ते मी दोनदा वाचलं, भिंगं आली, कोटिंग आलं, संध्याकाळच्या उजेडात किती दिसतं ते आलं, पण ती दुर्बीण रायफलवर बसते कशावर आणि तिला धरून ठेवतं कोण याबद्दल अख्ख्या पानात एकच वाक्य, 'चांगल्या रिंग वापराव्यात'. रिंग म्हणजे दुर्बिणीला धरणारी कडी आणि बेस म्हणजे रायफलवर स्क्रूने बसणारा तुकडा, ज्यावर ती रिंग बसते. पण चांगल्या म्हणजे कशा? घोडं तिथेच तर अडतं, म्हणून हे पत्र.

माझंच सांगतो. माझ्या रायफलच्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागायच्या आणि चौथी वीतभर बाजूला. काडतुसं बदलली, मग दुर्बिणीवर संशय घेतला, ती बदलली तरी तेच. शेवटी सगळं उतरवलं आणि पुढचा बेस अंगठ्याने ढकलला तर तो चक्क हलला, आणि स्क्रू मात्र गच्च! बसवून देणाऱ्याने पुढचे-मागचे स्क्रू अदलाबदल केलेले, दिसायला सारखे पण एक दीड-दोन आटे लांब, तो खाली रायफलच्या नळीच्या आट्यांना जाऊन टेकायचा, पाना थांबायचा आणि वाटायचं काय टाईट बसलंय. स्क्रूला सगळीकडून मार्करची काळी शाई लावली, परत पिळला, काढून बघितलं तर टोकाची शाई पुसलेली आणि डोक्याखालची जशीच्या तशी. म्हणजे डोकं बेसला दाबतच नव्हतं. एवढ्याशा गोष्टीपायी अख्खा सीझन गेला, पण त्याचं मला काही नाही, कागदावरची चुकलेली गोळी निदान दिसते तरी, जनावराच्या खांद्यामागे धरलेली गोळी जर पोटात गेली तर ते झाडीत शिरून तासन्‌तास तडफडतं, आणि हे नुसतं आठवलं तरी मला अजून कसंतरी होतं.

म्हणून दुर्बिणीच्या आधी रायफलचं डोकं बघा, म्हणजे रिसीव्हरचा, ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो त्या धातूच्या घराचा, वरचा भाग. बहुतेक रायफलींना तिथे आट्यांची भोकं असतात आणि बेस त्या मॉडेलचाच लागतो, अंदाजाने चालत नाही. रेमिंग्टन ७०० चं घ्या, रिसीव्हर मागे पुढच्यापेक्षा खाली असतो म्हणून दोन तुकड्यांच्या बेसमधला मागचा जाड असतो, ते उलटे लावले तर दुर्बीण भलतीकडेच बघणार. काहींना रिंग पकडायची खोबणी रिसीव्हरमध्येच कापलेली असते, साकोची निमुळती होत जाते, टिकाची १७ मिमी, सीझेड ५५० ची १९ मिमी, आणि रुगर एम ७७ ला तर रिंग थेट रिसीव्हरवरच बसतात, बेस लागतच नाही. पॉइंट टू-टू (.२२) आणि एअर रायफलवर ही खोबणी ११ मिमी असते किंवा ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ, पण बोलताना लोक दोन्हीला ११ च म्हणून टाकतात आणि मग रिंग तिरकी बसते.

आता वीव्हर आणि पिकाटिनी, म्हणजे आडव्या खाचा असलेल्या बेसचे, म्हणजे रेलचे, दोन प्रकार, त्या खाचेत रिंगचा आडवा बोल्ट अडकतो. हा घोळ एवढा आहे की लोक दोन्ही एकच समजतात. पिकाटिनी म्हणजे अमेरिकन लष्कराचं १९९५ चं स्टँडर्ड, त्यात खाचेची रुंदी ५.२३ मिमी आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी, हे सगळं ठरलेलं. वीव्हरची खाच ४.५७ मिमी, आणि खाचांमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं. त्यामुळे वीव्हरची रिंग पिकाटिनी रेलवर बहुतेक वेळा बसते, उलटं मात्र नाही, पिकाटिनीचा आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत शिरतच नाही. आणि पातळ बोल्ट रुंद खाचेत आला की मागेपुढे थोडी जागा उरते, तिथे एक काम न विसरता करायचं, रिंग रायफलच्या तोंडाकडे पुढे सरकवून खाचेच्या पुढच्या कडेला टेकवायची आणि मग आवळायची. गोळी सुटली की रायफल मागे जाते आणि दुर्बीण तिच्या वजनामुळे जागीच राहायला बघते, म्हणजे रेलच्या हिशोबाने ती पुढे ओढली जाते, आधीच टेकलेली असली तर सरकणार कुठे? जड दुर्बीण असेल तर हा ओढा अजून वाढतो. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका तर आधी मागे आणि पिस्टन आपटला की पुढे असा दोन्हीकडे बसतो, दुर्बीण हळूहळू मागे सरकत येते, तिथे स्टॉप पिन, म्हणजे सरकणं अडवणारी खिळी, असलेलाच माऊंट (रिंग-बेसचा जोड) घ्या.

अख्खी रेल की दोन तुकडे, यावर लोक तासभर भांडतील. माझं मत अख्ख्या रेलकडे, रिंग पुढेमागे हलवायला जागा मिळते आणि दोन्ही रिंग एका ओळीत येण्याची शक्यता जास्त. पण वरून बोटांनी काडतुसं भरायची रायफल असेल तर रेल आडवी येते, तिथे दोन तुकडेच बरे. ज्या बेसमध्ये पुढची रिंग फिरवून बसवतात तिथे कृपा करून दुर्बिणीलाच दांडा समजून फिरवू नका, दुर्बिणीची नळी वाकते. त्याच मापाचा लाकडी दांडा वापरा. वीस एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार असलेली रेल हल्ली सगळ्यांना हवी असते, तो उतार १०० मीटरला ५८ सेंमी भरतो आणि लांब पल्ल्याला कामाचा आहे, पण दोनशे मीटरच्या आत शिकार करणाऱ्याला त्याची काहीच गरज नाही.

रिंग आधी दुर्बिणीच्या नळीच्या मापाची हवी, एक इंच म्हणजे २५.४ मिमी, नाहीतर ३०, नाहीतर ३४, आणि मधली फट टेपने भरायची नाही म्हणजे नाही. मग उंची. दुर्बीण ५० मिमीची म्हणतात ते पुढच्या भिंगाचं माप, तोंड बाहेरून मोजलं तर व्यास ५६-५८ भरतो, म्हणजे मध्यापासून खाली २८-२९ मिमी, त्यात रायफलच्या नळीपासून दोन-तीन मिमी मोकळे आणि झाकण लावत असाल तर त्याची जाडी. 'लो, मीडियम, हाय' या शब्दांवर जाऊ नका, कुणी बेसपासून दुर्बिणीच्या नळीच्या मध्यापर्यंत मोजतं, कुणी तिच्या खालच्या कडेपर्यंत, आकडा विचारून घ्या. रायफलच्या बोल्टचा दांडा वर उचलला की दुर्बिणीच्या मागच्या भागाला लागतो का तेही बघा. पण सगळ्यात मोठी परीक्षा गालाची! डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा, चित्र पूर्ण दिसलं तर उंची बरोबर, मान उचलावी लागली तर रिंग उंच. डोळ्यापासून अंतर साधारण ७५ ते १०० मिमी ठेवा, जवळ ठेवलं तर झटक्यात भुवई फुटते.

आवळताना हातावर विश्वास ठेवू नका. रायफल रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा, स्क्रूचं तेल स्पिरिटने पुसा. टॉर्कचा पाना वापरा, रिंगच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू बहुतेक ठिकाणी १५ ते २० इंच-पाउंड म्हणजे १.७ ते २.३ न्यूटन मीटर, बेसचे जरा जास्त, पण दुर्बीणवाल्याने आणि रिंगवाल्याने दिलेले आकडे वेगळे असले तर कमीचा धरा. थोडं थोडं, तिरक्या क्रमाने, दोन्ही बाजूची फट सारखी राहील असं. अति आवळलं तर दुर्बिणीची नळी चेपते आणि नेम जुळवायची आतली फिरकी अडकते. आट्यांचा गोंद बेसच्या स्क्रूला थेंबभर ठीक, टोप्यांना नको, ओला असताना तो तेलासारखं काम करतो आणि स्क्रू ठरवल्यापेक्षा जास्त आवळला जातो.

संपादक महाराज, पुढच्या वेळी दुर्बिणींवर लिहाल तेव्हा खाली एक फोटो द्या, रिंग खोललेली, बेस उघडा, मापं लिहिलेली. नवीन माणूस दुकानात जाण्याआधी तेच कापून खिशात ठेवेल. आणि ज्यांच्या रायफलवर आत्ता दुर्बीण चढलेली आहे त्यांनी एवढं करा, रिंगच्या कडेला लागून दुर्बिणीच्या नळीवर पेन्सिलने बारीक रेघ मारा, वीस गोळ्या झाडा आणि रेघ बघा. रिंग आणि रेघेत केसाएवढीही फट दिसली तर त्या रायफलने जनावरावर नेम धरू नका, आधी सगळं खोला.

आपला,
एक जुना वाचक