‘ए’ सर्टिफिकेट फक्त पोस्टरपुरतंच का?

संपादक साहेब,

दोन बाईक गँगच्या सूडाचा एक पिक्चर परवा नाशिकमध्येच पाहिला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मारधाडीला माझा विरोध नाही. १९७९ चा ‘मॅड मॅक्स’ पण बाईकवाली टोळी आणि सूड यावरच होता, पण तो काढणारा जॉर्ज मिलर आधी हॉस्पिटलात इमर्जन्सीचा डॉक्टर होता, अपघातात माणसाचं काय होतं हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे तिथे पडलेला माणूस खरंच पडलेला वाटतो. इथे मात्र हिरो विदाऊट हेल्मेट, कोयत्याचे वार खाऊन परत किक मारतो आणि पब्लिक शिट्ट्या वाजवतं!

पिक्चरला ‘ए’ सर्टिफिकेट, म्हणजे १८ च्या आतल्यांना एंट्री नाही, तरी माझ्या पुढच्या रांगेत नववी-दहावीची वाटावी अशी पोरं बसलेली, गेटवर कोणी आयडी विचारला नाही. २०२३ मध्ये कायदा बदलून ‘यूए’ चे, म्हणजे मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवायच्या पिक्चरचे, वयानुसार ७, १३, १६ असे टप्पे केले, चांगलंच केलं, पण साधा ‘ए’ पाळला जात नाही तिथे त्याचा काय उपयोग? कायद्याने थिएटरवाल्यावर कारवाई होऊ शकते, ती करा ना.

आणि शो सुटल्यावर हीच पोरं गाड्या काढतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे किती आईबापांना माहितीये? ट्रॅफिक पोलिसांनी लेट शोच्या वेळी कॉलेज रोड, गंगापूर रोडला नाकाबंदी लावावी, आणि ती याच वीकेंडपासून.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक