न फुटलेली अंडी पुरू नकोस

नागपूर,
२२ एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या शेवटच्या घरट्यात न फुटलेली नऊ अंडी निघाली, ती पुरून टाकणार असं लिहिलंयस. थांब, पुरू नकोस. मादीने वर्षानुवर्षं समुद्रात जे खाल्लं त्याचा हिशेब त्या अंड्यांत आहे. डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. अंडी तयार होताना तीच चरबी बलकात उतरते, विषासकट. गोड्या पाण्यातल्या रेड-इअर्ड स्लायडर कासवांच्या अंड्यांवर पीसीबी लावलं, तेव्हा नर निपजायच्या तापमानालाही माद्या निपजल्या. हे १९९४ मध्येच दिसलं होतं. ऑलिव्ह रिडलेचंही लिंग वाळूच्या उबेवर ठरतं, म्हणून जीव कासावीस होतो.

आधी वनखात्याची लेखी परवानगी घे. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं आहे, त्याचं अंडंही.

मग अंड्यांचे दोन वाटे कर. कीटकनाशकं आणि पीसीबीच्या तपासणीसाठीची अंडी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळ. फॉइल आधी शुद्ध अॅसिटोनने धुऊन वाळव. नेलपॉलिश काढायचं चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं. प्लास्टिकमधली रसायनं नमुन्यात उतरतात, म्हणून इथे पिशवी नको. पारा, कॅडमियम या धातूंच्या तपासणीसाठी उलट: फॉइल अजिबात नको, नवी झिपची पिशवी घे. इथेच बहुतेकांची गल्लत होते आणि अख्ख्या हंगामाची मेहनत वाया जाते. घरट्याचा क्रमांक, तारीख पेन्सिलीने लिही, शाई ओलीत पसरते. सगळं उणे २० अंशांवर ठेव. एकदा गोठलं की पुन्हा वितळू देऊ नकोस.

मेलेलं कासव आलं तर कवचाची वक्र लांबी कापडी टेपने मोज आणि पोटाकडची बाजू खपाटीला गेलीय का, ते नक्की नोंदव. उपाशी कासवाची चरबी जळते, विष मात्र उरलेल्या चरबीत दाटतं; ही नोंद नसेल तर आकडा फसवतो. शवविच्छेदन पशुवैद्यच करतील. त्यांना यकृत, मूत्रपिंड आणि चरबी वेगवेगळी मागायची: पारा यकृतात, कॅडमियम मूत्रपिंडात जास्त साठतं.

मे महिन्यात तेलाचे काळे गोळे येतील. एखाद्या कासवाच्या तोंडात चिकटलेले दिसले तर रॉकेल किंवा पेट्रोल लावू नकोस, ते कातडीतून आत जातं आणि वाफ फुप्फुसात. खायच्या तेलात बुडवलेल्या कापसाने हळूहळू पूस, सावलीत ठेव, डॉक्टरांना बोलाव.

आमच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता करत गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि त्या मुखाशीही ही कासवं अंडी घालतात. तुझ्या अंड्यांचे आकडे म्हणूनच मला इतके हवे आहेत.

अंड्यांचा डबा शुक्रवारी पाठवू नकोस. रविवारी कुठेतरी पडून राहतो, बर्फ वितळतो, अंडी नासतात. सोमवारी सकाळी निघेल असं बघ.

तुझा,
मिलिंद