लग्नात अमृत कोकम द्या

महोदय,

मे महिन्यात कोकणातल्या लग्नांत पाहुण्यांच्या हाती शीतपेयांच्या रंगीत बाटल्या देतात आणि परसात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, सडा कुजत पडतो, हे बघवत नाही. त्यांच्याच सरबताला, अमृत कोकमाला, फार खटाटोप लागत नाही. पिकलेला रातांबा कापून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर दाबून भरायची आणि त्या काचेच्या बरणीत रचायच्या. किलोभर सालींना दोन किलो साखर. तोंडाला फडकं बांधून बरणी आठवडाभर उन्हात ठेवली की लालभडक पाक सुटतो. (ओला चमचा मात्र घालू नका, बुरशी धरते.) देताना माठातलं पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पावसाआधीच बरण्या भरायला हव्यात, म्हणून यजमानांनी आत्ताच मनावर घ्यावं.

– एक गृहिणी, देवरुख