बाई, राजा तुम्ही मारलात!

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

कथा पूर्ण झाली. तिच्यातला राजा बदलला तो तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याकडे आलो तेव्हा वहीत झेंडा रंगवून आणला होता. फ्रान्सचा निळा-पांढरा-लाल तिरंगा, मधल्या पट्ट्यात फ्रेंच राजांची खूण असलेली सोनेरी लिली. १८७३ साली फ्रान्समध्ये पुन्हा राजा आला असता तर, ही माझी कल्पना. संसदेत राजेशाहीवाल्यांचं बहुमत होतं, बूर्बाँ घराण्यातला शांबोरचा काउंट ‘पाचवा हेन्री’ म्हणून गादीवर बसायला मोकळा होता. तुम्ही चहा गाळता गाळता विचारलंत, "पण हा झेंडा त्याला चालला असता का?"

मग दोन संध्याकाळी तुम्ही त्याचा ५ जुलै १८७१ चा जाहीरनामा ओळ न् ओळ वाचून घेतलात. बूर्बाँ घराण्याचा पांढरा झेंडा माझ्या पाळण्यावर फडकला, माझ्या थडग्यावरही त्याचीच सावली हवी, असं तो म्हणतो. ‘ओंब्राज’ या फ्रेंच शब्दापाशी तुम्ही थांबलात. झाड सावली धरतं ना, तशी सावली, म्हणालात. तेव्हा कुठे तो हट्टी म्हातारा मला कळला. (म्हातारा कसला, पन्नाशीचा होता!) तिरंगा म्हणजे त्याच्या चुलत आजोबांचं, सोळाव्या लुईचं डोकं उडवणाऱ्यांचा झेंडा. ऑक्टोबर १८७३ मध्ये गादी हातातोंडाशी आली असताना त्यानं पुन्हा पत्र लिहून तिरंग्याला नाही म्हटलं. जानेवारी १८७५ मध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूचा ठराव ३५३ विरुद्ध ३५२ असा, एका मतानं निघाला.

माझी कथा तिथेच अडली. तुम्ही म्हणालात, "झेंडा बदलू नकोस, माणूस मारून बघ." त्याला मूलबाळ नव्हतं. तो १८८३ ला गेला. दहा वर्षं आधी गेला असता, तर वारस ठरणार ऑर्लियाँ घराण्यातला पॅरिसचा काउंट. त्याच्या आजोबांनी, लुई-फिलिपनं, १८३० मध्येच तिरंगा स्वीकारला होता.

५ ऑगस्ट १८७३ ला हा पॅरिसचा काउंट ऑस्ट्रियात फ्रोसडॉर्फला शांबोरला भेटायला गेला होता, ते खरंच. माझ्या कथेत तो तिथे अंत्ययात्रेला जातो.

लिली तेवढी फुकट गेली. सोनेरी रंगाची अख्खी बाटली तिच्यावर संपवली होती. तुमचा शब्दकोश अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा